दोरी बांधलेलं फावडं

पडदा वर जातो तेव्हा सगळं पांढरं दिसतं. मागे डोंगर, पुढे अंगण. डावीकडे क्रूनियाचं दगडी घर, उजवीकडे तिचा दीर झिवादिन याचं. मध्ये लाकडी कुंपण आणि त्या कुंपणात माणूस सहज निघून जाईल एवढी फट. सकाळचा मंद प्रकाश. धूर फक्त या दोन धुराड्यांतून. बाकीचं गाव अजून गोधडीत. आणि क्रूनियाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडून कोंबड्यांची कुजबुज ऐकू येते. तिसरी घंटा होण्याआधी प्रेक्षक करतात तशी, निम्मी तक्रार आणि निम्मी उत्सुकता.

मग क्रूनिया प्रवेश करते. अंगात एकावर एक स्वेटर, डोक्याला काळा रुमाल, पायांत मेलेल्या नवऱ्याचे गमबूट, हातात झाडू. ती बर्फ झाडते आहे. गोर्नी दोल गावातली शहाणी माणसं बर्फ पडला की आधी फाटकापर्यंतची वाट मोकळी करतात. क्रूनियाने फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती झाडत होती ती वाट कुंपणाच्या फटीकडे जात होती. म्हणजे त्या दिराच्या घराकडे, ज्याच्याशी ती पानगळीपासून एक शब्द बोललेली नव्हती. कुणी विचारलं असतं तर "कोंबड्यांना पाय मोकळे करायला" असं तिने सांगितलं असतं. असल्या बर्फात कोंबडी पाऊल टाकत नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कुणी विचारलं नाही.

नव्या वर्षाच्या राकिया दारूने गोर्नी दोलचं डोकं अजून ठणकत असतं, तेवढ्यात दुसऱ्याच दिवशी संत इग्नात्येचा सण येतो. पोथीत तो संताचा आहे. गावात त्याला सरळ कोंबड्यांचा नाताळ म्हणतात, आणि संताने अजून तरी हरकत घेतलेली नाही. त्या सकाळी घरात जो पहिला पाय टाकेल त्याच्या पायगुणावर वर्षभराच्या कोंबड्या. त्याला चुलीजवळ उशीवर बसवायचं. तो जितका निवांत बसेल तितक्या कोंबड्या वसंतात अंड्यांवर निवांत बसतील. तो चुळबुळला, की कोंबड्या अंडी टाकून गावभर हिंडणार. त्याने खुडूक कोंबडीसारखा आवाज काढायचा, मग अंगणात भोपळा आपटून फोडायचा, आणि दोरीच्या रिंगणात कोंबड्यांना दाणे टाकायचे, म्हणजे त्या शेजाऱ्याकडे जाऊन अंडी घालत नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम: त्या दिवशी घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही. मीठ नाही, निखारा नाही, सुई नाही. वस्तू गेली, की तिच्या पाठोपाठ कोंबड्यांचं नशीब गेलं.

शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. गोर्नी दोलचे शिकलेले लोकही म्हणतात, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाच्या दारात पाय ठेवत नाहीत. उगाच खापर नको.

क्रूनियाच्या घरी हा पहिला पाहुणा म्हणजे वर्षानुवर्षं झिवादिन. पुरुष आला तर पिल्लांत कोंबडेच जास्त निघतात असं गाव मानतं. पण झिवादिनच्या पायाने दरवर्षी नुसत्या कोंबड्याच निघाल्या. क्रूनियाचा नवरा रातोमिर जिवंत होता तोवर याला घराण्याची बेअब्रू समजायचा, आणि अंडी मात्र रोज खायचा.

यंदा गरज नेहमीपेक्षा मोठी होती. पानगळीत कोल्हा येऊन गेला होता, आणि जाताना हमखास अंड्यांवर बसणाऱ्या तेवढ्या दोन कोंबड्या निवडून घेऊन गेला. कोल्ह्यालाही पारख असते. उरलेल्या साऱ्या वयाने वाढलेल्या आणि स्वभावाने उंडग्या. या वसंतात त्यांतली एकही बसली नाही, तर क्रूनियाच्या सासूपासून चालत आलेला हा कळप संपला. मशीनमध्ये उबवलेली पिल्लं बाजारात मिळतात. पण ज्यांना आई ठाऊक नाही त्यांना वळण कोण लावणार, असा तिचा प्रश्न होता.

वळणाच्या बाबतीत क्रूनिया कडक. तिने कोंबड्यांना सासरच्या आत्यांची नावं दिली होती: पेत्रिया, साव्का, येलिसावेता. रातोमिरच्या आत्या हयात असताना त्यांना जे बोलता आलं नाही, ते आता रोज सकाळी दाणे टाकताना बोलता येई. "पेत्रियाबाई, दुसऱ्याच्या ताटात चोच घालायची सवय मेल्यावरही जाणार नाही का तुमची?"

कोंबडीला थंडीपेक्षा रिकामपण जास्त छळतं, हा तिचा सिद्धान्त. पिसं ही देवाने घातलेली रजई आहे, पण करमणूक देवाने आपल्यावर सोडली. हिवाळ्यात कोंडलेल्या कोंबडीला काही उद्योग नसला, की ती शेजारणीची पिसं उपटायला लागते. "गावात हिवाळ्यात पिसं दोनच ठिकाणी उपटतात," क्रूनिया म्हणायची, "खुराड्यात आणि दुकानाच्या बाकावर. खुराड्यावर निदान उपाय आहे."

तो उपाय तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता: शेळ्यांचा जुना गोठा. चुलीची ऊब भिंतीतून तिकडे झिरपायची. खाली पेंढा आणि वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर, जो ती हिवाळाभर काढायची नाही, फक्त वरून भर घालायची. खालचं कुजत जाई आणि गरम राही. दाणे ताटलीत कधीच नाहीत. ते पेंढ्यात विखरायचे. हवे असतील तर उकरा. छताला दोरीने कोबीचा गड्डा टांगलेला, उडी मारून टोचायचा. कोपऱ्यात राख आणि वाळूची पेटी, लोळायला. एक कुजका ओंडका, ज्याच्या पोटात किडे झोपलेले. आणि भिंतीला तिच्या लग्नातल्या कपाटाचा आरसा. त्या आरशासमोर येलिसावेता तासन् तास उभी राही. मूळ येलिसावेतानेही आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. वरची झडप क्रूनिया कडाक्याच्या थंडीतही थोडी उघडी ठेवायची, कारण कोंडलेली ओल थंडीपेक्षा वाईट. कोंबड्याच्या तुऱ्याला ती डुकराची चरबी चोळायची. कोंबड्याचं नाव सरपंच. चरबी चोळून घेताना तो डोळे मिटून उभा राहायचा, म्हणून.

भांडण झालं ते याच विषयावरून. झिवादिनने आयुष्यभर रेल्वेत सिग्नल पाडले होते, आणि निवृत्तीनंतर पाडायला काही उरलं नाही म्हणून त्याने कॅटलॉगमधून खुराडं मागवलं. खोक्यांतून आलं. स्क्रूंची पुडी वेगळी, सूचनांचं पुस्तक वेगळं. पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंती, सपाट पारदर्शक छप्पर, आणि आत दिवा. तो आपोआप लागे, आपोआप विझे. दिव्याच्या उजेडाने त्याच्या कोंबड्या फसल्या आणि हिवाळ्याच्या तोंडावरही अंडी देत राहिल्या. ती अंडी उघड्या टोपलीत घेऊन तो रोज क्रूनियाच्या खिडकीखालून दुकानात जाई. दुकानाचा रस्ता दुसरीकडून आहे.

झिवादिनच्या घरच्या कुलदैवताच्या जेवणाला, भरल्या टेबलावर, पाद्र्यासमोर क्रूनिया म्हणाली, "भावजी, छप्पर चांगलं आहे हो. अगदी टेबलासारखं. पहिला बर्फ येईल आणि जेवायला बसेल त्याच्यावर."

सगळे हसले. पाद्रीही हसला. झिवादिनने ताट पुढे सारलं आणि जाहीर केलं, की या बाईच्या उंबऱ्यावर तो पुन्हा पाय ठेवणार नाही. आधीच विधुर झालेल्या माणसाच्या घरात त्या दिवसापासून तर कुणाचा आवाजच येईना. फक्त खुराड्यातल्या दिव्याची टकटक.

तर कोंबड्यांच्या नाताळाच्या त्या सकाळी क्रूनियाने उशी झटकली, भोपळा निवडला, रिंगणाची दोरी बाकावर ठेवली आणि फाटकाला आतून साखळी घातली. बोलवायला ती जाणार नव्हती. बोलावणं झाडूने पाठवलं होतं. कळायचं त्याला कळेल.

कळलं ते स्तामेनाला. स्तामेना समोर राहायची. तिचा पायगुण गावात प्रसिद्ध होता: ज्या वर्षी ती चुकून कुणाकडे पहिली गेली, त्या वर्षी त्या घरी अंडी विकत आणावी लागली.

"क्रूनिया! फाटकाला साखळी का गं?" ती फाटकावरून ओरडली.

क्रूनियाने खिडकी बोटभर उघडली. "आजारी आहे मी. सांसर्गिक आहे."

"आत्ता तर अंगण झाडत होतीस!"

"त्यानंच झालं."

"अगं, चाळण दे तेवढी. आत येत नाही, बाहेरूनच दे."

"आज कोंबड्यांचा नाताळ. आज या घरातून खोकलासुद्धा बाहेर जाणार नाही."

"मग मी जरा आत येऊन टेकते," स्तामेना गोड आवाजात म्हणाली, आणि साखळीत हात घातला.

"स्तामेना, तिथंच थांब! पाय आत टाकलास तर भोपळा अंगणात नाही फुटणार, सांगून ठेवते!"

स्तामेना तिथेच थांबली. जायची तिची तयारी नव्हती. फुकटात असा खेळ हिवाळ्यात रोज होत नाही.

आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे आवाज झाला. आधी कडकड, मग एक लांबलचक धप्प. त्यानंतर शांतता.

फटीतून झिवादिन धावत आला. पायजमा, रेल्वेचा जुना ओव्हरकोट, पायांत घरातल्या सपाता. झाडलेल्या वाटेवरून तो सरळ दारात, आणि दारातून सरळ आत. उंबऱ्याबद्दलची शपथ त्याला आठवलीही नसावी.

"वहिनी! फावडं! छप्पर बसलं. कोंबड्या खाली आहेत!"

"तुमचं फावडं कुठाय?"

"आतच आहे. खुराड्यात. खिळ्याला." रेल्वेचा माणूस, वस्तू जागच्या जागी.

क्रूनिया दाराआड टेकवलेल्या फावड्यापर्यंत गेली, आणि थांबली. झिवादिननेही तिच्याकडे पाहिलं, मग उशीकडे, मग बाकावरच्या दोरीकडे. आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. तो पहिला पाहुणा होता.

गोर्नी दोलच्या बाहेरच्या कुणालाही इथे असं वाटेल, की माणूस फावडं हिसकावून पळाला असता. पण झिवादिन याच गावात जन्मला होता. तो उशीवर बसला. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून. आणि क्रूनियाने न सांगता, घोगऱ्या आवाजात, "क्लुक," म्हणाला. "क्लुक. क्लुक." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बसणं असं की खुडूक कोंबडीने शिकावं. गेल्या सगळ्या वर्षांत तो इतका स्थिर कधी बसला नव्हता.

क्रूनिया त्याच्याकडे बघत राहिली. अख्खी पानगळ तिने जे मागितलं ते समोर बसलं होतं. अजून थोडा वेळ बसला, की वर्ष पार.

"लेपोसावाची पिवळी आत आहे, वहिनी," तो उशीवरून न हलता म्हणाला.

लेपोसावा म्हणजे त्याची बायको. शेवटच्या आजारपणात तिने पलंगाखाली टोपलीत अंडी ठेवून कोंबडी बसवली होती. तिला रात्री ती कुजबुज ऐकू यायला हवी होती. त्या पिल्लांतली पिवळी तेवढी उरली होती. तिला थंडी वाजू नये म्हणूनच हे खुराडं आलं होतं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. क्रूनियाला ते आत्ता, त्याच्या क्लुक-क्लुकमधून कळलं.

"मग बसलात काय नवरीसारखे? उठा!"

"पण फावडं बाहेर..."

"फावडं बाहेर जाणार नाही." तिने बाकावरची दोरी उचलली, एक टोक फावड्याच्या दांड्याला आवळलं आणि दुसरं लोखंडी चुलीच्या पायाला. "घरातली वस्तू घराला बांधलेली आहे तोवर ती घरातच आहे. संताला काही म्हणायचं असेल तर येऊन म्हणू दे."

ही युक्ती तिला स्वतःलाच इतकी पसंत पडली, की दोरी दहा पावलांतच संपेल हे तिच्या ध्यानात आलं नाही. ती अंगणाच्या मध्यावर संपली. क्रूनियाने तिला कपडे वाळवायची दोरी जोडली. ती संपली. मग रातोमिरचे पट्टे आले, एकाला एक अडकवून. मग एप्रनची नाडी. झिवादिन फावडं धरून पुढे, क्रूनिया गाठी मारत मागे, अशी ही मिरवणूक कुंपणाच्या फटीपाशी पोचली आणि तिथे दोरीने शेवटचा हिसका दिला. पलीकडे बर्फाचा ढीग दिसत होता. फावडं पोचत नव्हतं. झिवादिनने ओढलं, स्वयंपाकघरातून चुलीचा पाय फरशीवर किंचाळल्याचा आवाज आला.

"काय गं क्रूनिया," फाटकावरून स्तामेना म्हणाली, "फावडं पळून जाईल म्हणून बांधलंयस का?"

"हो! तुझा नवरा ऑस्ट्रियाला गेला तसं जाऊ नये म्हणून!"

स्तामेनाचं तोंड मिटलं. त्या हिवाळ्यात प्रथमच, असं गाव अजून सांगतं.

आणि त्या शांततेत ढिगाखालून एक आवाज आला. आरवणं नव्हे, ओरडणं नव्हे. दबलेली, लांबवलेली कुरकुर, कोंबडी अंधारात एकटी पडली की करते तशी. अशी कुरकुर क्रूनियाने आयुष्यभर ऐकली होती आणि तिचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

ती दांड्यापाशी वाकली. बोटं गारठलेली, गाठ तिनेच मारलेली, म्हणजे सुटणारी नव्हे. तिने ती दातांनी सोडली. दोरी बर्फात पडली.

"घ्या," ती म्हणाली. "गेलं तर गेलं."

झिवादिन क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. काय दिलं गेलं ते या गावात त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मग तो खणायला लागला, आणि क्रूनिया हातांनी, गमबुटांनी, शेवटी स्वयंपाकघरातून आणलेल्या परातीने. हो, परातही आली. एकदा नशीब बाहेर काढलंच, तर भांड्यांनी घरी बसून काय करायचं?

छप्पर मधोमध मोडून आत गेलं होतं, पण एक तुकडा अंडी घालायच्या खोक्यांवर अडकून तिरका राहिला होता. त्याखाली सगळ्या कोंबड्या एकमेकींत पिसं खुपसून बसल्या होत्या. पिवळी सगळ्यात खाली. एकीची शेपटी छपराखाली राहिली. बाकी नुकसान प्लास्टिकचं. आणि बर्फाखाली गाडलेला तो दिवा ठरल्या वेळी टक करून लागला. शिस्त म्हणजे शिस्त.

त्यांना ओव्हरकोटात, एप्रनमध्ये आणि परातीत भरून गोठ्यात आणलं. आत्याबाई रांगेत उभ्या राहून पाहत होत्या. माहेरवाशीण न कळवता आली की पाहतात तशा. झिवादिनच्या कोंबड्या पेंढ्यात ठेवल्या तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी ताटली आणेल, दिवा लावेल, अशा अपेक्षेने वर बघत.

"भावजी, यांना पाय आहेत हे सांगितलंय का कुणी?"

"त्यांना तयार मिळायचं, वहिनी. मला वाटायचं, सुखात आहेत."

"सुखात होत्या. म्हणून तर एकमेकींच्या पाठी अशा बोडक्या केल्यात." तिने मूठभर मका पेंढ्यात फेकला. साव्का तुटून पडली, पेंढा मागे उडवू लागली. पिवळी मान तिरकी करून पाहत राहिली. मग तिने एक पाय उचलला, तसाच धरला, आणि एकदा उकरलं. काही मिळालं नाही. तिने पुन्हा उकरलं.

झिवादिन दारात उभा होता. सपाता भिजून पायांना चिकटल्या होत्या.

"मी उठलो ना उशीवरून," तो म्हणाला. "आणि धावलो. यंदा एकही बसायची नाही तुमची."

"नाही बसायची."

"फावडंही गेलं."

"आणि परात. मोजायला लागलात तर रातोमिरचे पट्टेपण धरा."

"पण वहिनी, आज कोंबड्या घरातून गेल्या नाहीत. आल्या."

"तुमच्या. दाणे माझे खाणार, अंडी तुमची." ती असं म्हणाली खरी, पण पिवळीकडे बघत म्हणाली, आणि ती आता कोपऱ्यातल्या पेंढ्यात गोल फिरून खळगा करत होती. लेपोसावाच्या टोपलीतली कोंबडी. बसायचं कसं हे तिला ठाऊक असायला हरकत नव्हती. क्रूनियाने तोंडातून काही काढलं नाही. अशा गोष्टी मोठ्याने बोलल्या की बिघडतात.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. कोंबड्यांबरोबर आणलेला झिवादिनचा पांढरा कोंबडा शुद्धीवर आला, त्याने आरशात स्वतःला पाहिलं, आणि मग सरपंचाला. पुढचं सगळं पिसं आणि पेंढा. झिवादिनने मध्ये ओव्हरकोट फेकला, क्रूनियाने झाडू घातला, आणि शेवटी पांढरा कोंबडा दिराच्या काखेत, चरबी लावलेला सरपंच वहिनीच्या काखेत, असे चौघेही धापा टाकत समोरासमोर उभे राहिले.

"दोन कोंबडे एका गोठ्यात राहायचे नाहीत," झिवादिन म्हणाला. "याला मी घरी नेतो. स्वयंपाकघरात ठेवतो."

"न्या. तुमच्या घरात भांडायला कुणीतरी हवंच होतं." ती पाठ फिरवून झडप नीट करू लागली. "आणि उद्या दुपारी जेवायला या. दोघंही. त्याला सांगा, पाहुणा म्हणून बोलावलंय."